चालणाऱ्या बॅगा आणि न उडालेले पंख

लोकलमध्ये उभे असाल, भांडी घासत असाल किंवा अभ्यास टाळत असाल, जिथे असाल तिथे कान इकडे द्या. आजचा भाग वस्तूंबद्दल आहे. रंगमंचावरच्या वस्तू, म्हणजे नाटकवाल्यांच्या भाषेत ‘प्रॉपर्टी’.

आधी माझी कबुली. कॉलेजात एकांकिका करायचो तेव्हा मी प्रॉपर्टी सांभाळायचे. अभिनय येत नव्हता, गाता येत नव्हतं, मग काय उरतं? एका स्पर्धेत नायकाने छत्री उघडायची होती आणि त्यावर पूर्ण सीन उभा होता. छत्री उघडली नाही. मी आदल्या रात्री तिच्या काड्यांना काळा रंग दिला होता आणि तो आत वाळून घट्ट बसला होता. नायक छत्रीशी झटापट करत राहिला आणि प्रेक्षक हसून लोळले. गंमत म्हणजे सीन रडण्याचा होता. त्या दिवशी कळलं की वस्तू नटाचं ऐकत नाही. वस्तूला स्वतःचं डोकं असतं.

हे ज्यांनी फार खोलवर ओळखलं अशा एका कुटुंबाची गोष्ट आज सांगायची आहे. आडनाव ऐकून तुम्ही म्हणाल, ‘अगं, हे तर माहितीये’. चॅप्लिन. पण थांबा, मला चार्लीबद्दल फारसं बोलायचं नाही. त्याच्या लेकीबद्दल बोलायचं आहे. व्हिक्टोरिया चॅप्लिन. हिने आयुष्यभर नवऱ्यासोबत आणि दोन मुलांसोबत गावोगाव, देशोदेशी फिरून एक छोटीशी सर्कस केली आणि त्या सर्कशीतली जनावरं, राक्षस, पक्षी स्वतःच्या हाताने बनवले. कापड, छत्र्या, खुर्च्या, स्वयंपाकघरातली भांडी यांतून.

पण चार्लीपासून सुरुवात करावीच लागेल, कारण धागा तिथून येतो. धागा म्हणजे खरोखरचा शिवणाचा धागा.

चार्लीची आई हॅना. लंडनच्या म्युझिक हॉलमध्ये गायची. आवाज गेला, काम गेलं, नवरा आधीच वेगळा झाला होता. दोन पोरांना घेऊन ती भाड्याच्या खोलीत बसून तुकड्यावर शिवणकाम करायची. शिलाई मशीन हप्त्यांवर घेतलेलं होतं. हप्ते थकले आणि मशीन उचलून नेलं. चार्लीने 1964 साली आलेल्या आत्मचरित्रात हे सगळं लिहिलंय. 1896 साली, म्हणजे तो सात वर्षांचा असताना, आई आणि दोन्ही भाऊ लॅम्बेथच्या वर्कहाउसमध्ये गेले. वर्कहाउस म्हणजे गरिबांना ठेवायची सरकारी जागा. आईला वेगळं ठेवायचे, मुलांना वेगळं.

आता तिथून थेट 1925 सालात उडी मारू. ‘द गोल्ड रश’. त्यातला बूट खाण्याचा सीन तुम्ही रीलमध्ये तरी पाहिला असेलच. भुकेला चार्ली बूट उकडतो, तळवा वेगळा करतो, खिळे कोंबडीच्या हाडांसारखे चोखतो, नाड्या शेवयांसारख्या काट्याला गुंडाळतो. तो बूट लिकोरिसचा होता. लिकोरिस म्हणजे आपला ज्येष्ठमध, त्याची काळी मिठाई तिकडे मिळते. म्हणजे कुणीतरी बसून मिठाईचा बूट बनवला, खिळ्यांसकट. त्याच सिनेमात दोन काट्यांना दोन पाव टोचून केलेला नाच आहे. (ही कल्पना चार्लीच्या आधी रॉस्को आर्बकलने 1917 साली एका सिनेमात केली होती. पण लक्षात चार्लीचीच राहिली. असं होतं.)

आणि मग 1928 सालचा ‘द सर्कस’. त्याची गोष्ट जरा नीट ऐका, कारण पुढे ती लागणार आहे. ट्रॅम्प सर्कशीत शिरतो आणि चुकून लोकांना हसवतो. मालकाला कळतं की हा मुद्दाम विनोदी नाही, याला ठरवून हसवायला सांगितलं की जमत नाही. मग मालक काय करतो? त्याला प्रॉपर्टी मॅन म्हणून ठेवतो. सामान उचलायचं, सामान ठेवायचं. तो बिचारा जादूगाराचं टेबल आत आणताना चुकून बटण दाबतो आणि टेबलातून कबुतरं, ससे, फुगे सगळं भसाभस बाहेर. शोचा स्टार तोच असतो आणि पगार हमालाचा. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला माझी छत्री आठवली आणि मालकाचा प्रचंड राग आला.

त्या सिनेमाचं शूटिंगही भोगच होतं. सुरू होण्याआधीच वादळाने तंबू फाडला, मग लॅबने फिल्म खराब केली, मग स्टुडिओला आग लागली आणि त्यातच घटस्फोटाचा खटला. तरीही माणूस खराखुरा दोरीवर चालायला शिकला, आणि सीनमध्ये त्याच्या अंगावर माकडं सोडली. दोरी लक्षात ठेवा.

चला, आता लेक.

व्हिक्टोरियाचा जन्म 1951 चा, अमेरिकेतला. ती दीड वर्षाचीही नसेल तेव्हा, 1952 साली, चार्ली कुटुंबासह बोटीने इंग्लंडला निघाला आणि मागून अमेरिकेने त्याची परत येण्याची परवानगी काढून घेतली. कम्युनिस्ट असल्याचा संशय, चारित्र्यावर आरोप, तो सगळा काळच तसा होता. मग कुटुंब स्वित्झर्लंडमध्ये, व्हेवे गावाजवळ कोर्सिए इथे मोठ्या बंगल्यात राहायला गेलं. चार्ली आणि ऊना यांना आठ मुलं. बाप म्हाताऱ्या वयाचा, शिस्तीचा, जगप्रसिद्ध. त्या बंगल्यात आज संग्रहालय आहे, 2016 साली उघडलं.

वयाच्या ऐंशीच्या आसपास चार्लीने एक नवी पटकथा लिहिली. नाव ‘द फ्रीक’. गोष्ट एका मुलीची, जिला पाठीवर पंख आहेत. ती दक्षिण अमेरिकेत, चिलीमध्ये एका अभ्यासकाला सापडते. मग तिला पळवून लंडनला नेतात, देवदूत म्हणून दाखवतात, पैसे कमावतात. पुढे कोर्टात प्रश्न उभा राहतो की ही माणूस आहे की नाही? मुलीचं नाव साराफा. आणि साराफा कोण करणार होतं? व्हिक्टोरिया. बापाने ही भूमिका तिच्यासाठीच लिहिली होती.

पंख बनवले गेले. ते पंख पाठीला लावलेल्या व्हिक्टोरियाचे फोटो आहेत. सर्च करा, पण भाग संपल्यावर. किडकिडीत मुलगी, लांब केस आणि पाठीवर मोठाले पांढरे पंख. मी त्या फोटोकडे खूप वेळ बघत बसले होते. जगातल्या सगळ्यात मोठ्या विनोदवीराने आपल्या मुलीसाठी पंख करवून घेतलेत, आणि मुलगी आज्ञाधारकपणे ते घालून उभी आहे.

सिनेमा झालाच नाही.

का झाला नाही, याचं एकच कारण सांगता येत नाही. चार्लीचं वय झालं होतं आणि घरच्यांना त्याच्या तब्येतीची काळजी होती. माणूस हवेत उडताना दाखवायचा म्हणजे तेव्हा कंप्युटर नव्हता, तारा आणि कसरती, खर्च अफाट. आणि तिसरं कारण म्हणजे साराफाच घरातून निघून गेली.

झालं असं. फ्रान्समध्ये एक नट होता, जाँ-बाप्तिस्त तिएरे. जन्म 1937, पॅरिसच्या कष्टकरी घरातला. आलाँ रेनेच्या 1963 सालच्या ‘म्युरिएल’ सिनेमात त्याने महत्त्वाची भूमिका केली होती. याच्या डोक्यात सर्कशीचं वेड शिरलं होतं. जुनी सर्कस नको, नवीन काहीतरी हवं. त्याने एका मासिकात व्हिक्टोरियाबद्दल वाचलं, तिला सर्कशीत जायची इच्छा आहे असं त्यात होतं. त्याने तिला पत्र लिहिलं. ओळखपाळख काही नाही! आज आपण डीएम करतो तसं. दोघं भेटले आणि ती त्याच्यासोबत गेली. वय वीसच्या आतबाहेर. चरित्रकार ‘पळून गेली’ असंच लिहितात. बापाला हे अजिबात रुचलं नव्हतं. जग मात्र म्हणालं, वा, किती रोमँटिक!

मला इथे थोडं थांबायचंय. बापाचं वय ऐंशी. त्याची शेवटची मोठी कल्पना, त्यात मध्यभागी तू. तुझ्या मापाचे पंख तयार आहेत. आणि तू जातेस. बरोबर की चूक? मी या प्रश्नावर दोन मैत्रिणींशी भांडले आहे. एक म्हणाली, स्वार्थी. दुसरी म्हणाली, बापाच्या गोष्टीत ती मुलगी पिंजऱ्यातली वस्तूच होती, कोण थांबेल? माझं मत दुसरीकडे झुकतं, पण पहिलीलाही मी खोटं म्हणत नाही.

1971. आविन्यॉं, दक्षिण फ्रान्सचं गाव, तिथला नाट्यमहोत्सव जगात गाजलेला. तिथे दोघांनी ‘ल सर्क बाँझूर’ सादर केली. म्हणजे ‘नमस्कार सर्कस’ म्हणा ना. कलाकारांची फौज, प्राणी, तंबू, ट्रक. त्याच वर्षी मुलगी झाली, ऑरेलिया. 1974 मध्ये मुलगा, जेम्स.

तो काळ फ्रान्समध्ये सर्कशीच्या उलथापालथीचा होता. पूर्वी सर्कस घराण्यातच शिकवली जायची, आजोबा-बाप-नातू, बाहेरच्याला दार बंद. सत्तरच्या दशकात ही दारं उघडायला लागली. आनी फ्रातेलिनी, स्वतः नामवंत विदूषक घराण्यातली बाई, तिने बाहेरच्या मुलांसाठी सर्कशीची शाळा काढली. पुढे याला सगळे ‘नवी सर्कस’ म्हणू लागले. वाघ-सिंह कमी, गोष्ट आणि कल्पना जास्त. व्हिक्टोरिया आणि जाँ-बाप्तिस्त या लाटेच्या अगदी पहिल्या फळीतले. दोघंही सर्कशीच्या घरात जन्मलेले नाहीत, हे विसरू नका.

पण मोठी सर्कस चालवणं म्हणजे रोज सकाळी शंभर कटकटी. माणसांचे पगार, जनावरांचा चारा, तंबूचं भाडं. काही वर्षांत त्यांनी ती बंद केली आणि उलटा निर्णय घेतला. सगळं कमी करायचं. किती कमी? दोन माणसं, दोन मुलं, थोडे ससे, थोडी बदकं. तंबूही नाही, थिएटरात करायचं. हिचं नाव ‘ल सर्क इमाजिनेर’, काल्पनिक सर्कस. 1990 नंतर तिचं रूप आणि नाव बदललं, ‘ल सर्क अँव्हिझिब्ल’, अदृश्य सर्कस.

आणि इथे सुरू होते माझी आवडती गोष्ट, प्रॉपर्टी.

हत्ती परवडत नाही? मग हत्तीच्या जागी काय आणायचं? व्हिक्टोरियाचं उत्तर होतं, मीच होते ना जनावर. ती रंगमंचावर यायची घेरदार कपड्यात, एखाद्या जुन्या चित्रातल्या बाईसारखी. मग एक घडी उलटायची, एक चुणी सुटायची, आणि बाईच्या जागी चार पायांचं काहीतरी उभं. कागदी छत्र्या एकामागून एक उघडायच्या, पाठीवर, डोक्यावर, हातांवर, आणि बघता बघता खवल्यांचा प्राणी तयार. चेहरा दिसत नाही, फक्त तो प्राणी श्वास घेताना दिसतो. तोंडाने एक शब्द नाही. एकदा ती अंगभर भांडी, पेले, घंटा लटकवून यायची आणि स्वतःच्याच अंगावर वाजवायची. चालताफिरता वाद्यवृंद!

हे सगळं डिझाइन तिचं, बनवणं तिचं. बाजारात असला प्राणी मिळत नाही. एक गोष्ट मला प्रॉपर्टीवाली म्हणून जाणवते ती सांगते. छत्री उघडते तेव्हा कापड ताणतं, काड्या बाहेर फेकल्या जातात, हे सगळं सेकंदाच्या आत. एक छत्री उघडायला मला घाम फुटला होता. ही बाई काळोखात कापडाखाली, न बघता, ठरलेल्या क्रमाने छत्र्या उघडते आणि प्रत्येक छत्री पुढच्या छत्रीला जागा देते. एक अडकली तर प्राणी मरतो आणि छत्र्यांत गुरफटलेली बाई उरते. असा ड्रेस एकदा शिवून होत नाही. शिवायचं, घालायचं, पडायचं, उसवायचं, पुन्हा शिवायचं. म्हणून मला मघाशी हॅनाचं मशीन सांगायचं होतं. आजी पोटासाठी शिवत होती आणि मशीन गेलं. नात प्राणी शिवत होती. एवढंच, फार ताणत नाही.

आणि हो, ती दोरीवरही चालायची. ‘द सर्कस’मधली दोरी आठवली?

जाँ-बाप्तिस्तचं खातं वेगळं. तो वाईट जादूगार व्हायचा. म्हणजे मुद्दाम. हातात बॅग, आणि बॅगेवर जी नक्षी तीच अंगावरच्या कोटावर. बॅग ठेवायचा, उघडायचा, आतून काहीतरी अगदी फालतू निघायचं, आणि तो इतका खूश व्हायचा की जणू ताजमहाल गायब केलाय. मग आत जाऊन दुसरी बॅग, दुसरा जुळणारा कोट. गुडघ्यांना बाहुल्यांची तोंडं लावून त्यांच्याकडून गाणं म्हणवायचा. बायकोचे प्राणी बघून लोक श्वास रोखायचे आणि नवरा येऊन तो श्वास सोडवायचा. एकटं तिचं काम दोन तास बघितलं असतं तर स्वप्नात आल्यासारखं वाटून जड झालं असतं. एकट्या त्याच्या कामाने पोट भरलं नसतं.

मुलांचं काय? मुलं चार-पाच वर्षांची झाली आणि रंगमंचावर आली. कशी? बॅगा म्हणून! दोन सुटकेस, खाली फक्त छोटे पाय, आणि त्या तुरुतुरु चालत जायच्या. ऑरेलिया आणि जेम्सची कारकीर्द अशी सुरू झाली, सामान म्हणून. प्रवासी कुटुंबाच्या पोरांना यापेक्षा खरी भूमिका कुठली मिळणार? आज या शहरात, उद्या त्या देशात, शाळा वाटेत जमेल तशी. ही गोष्ट ऐकायला गोड आहे, पण मला त्यात थोडं काटेरीही काही दिसतं. बापाच्या पंखांतून निसटलेल्या बाईने स्वतःच्या मुलांना बॅगेत घातलं. मुलं हसत होती, लोक हसत होते, आणि तरीही.

फरक कुठे पडला ते पुढे दिसतं. मुलं बॅगेतून बाहेर आली आणि स्वतःची कामं करायला लागली, आणि आईने त्यांना हातभार लावला. जेम्सने 1998 मध्ये स्वतःची कंपनी काढली, ‘कोंपान्यी द्यु आनतों’. आनतों म्हणजे भुंगेरा, लहानपणी घरात त्याला मिळालेलं नाव. पहिल्या प्रयोगाचं नाव ‘भुंगेऱ्याची सिंफनी’, आणि त्याच्या वेशभूषेत आईचा हात. 2006 मध्ये फ्रान्सचे मोलिएर पुरस्कार या नाटकाला मिळाले, त्यात एक वेशभूषेचा, म्हणजे आईचाही. जेम्सला तुम्ही कदाचित सिनेमातही बघितलं असेल. 2016 च्या ‘शोकोला’मध्ये ओमार सीसोबत जो गोरा विदूषक आहे, फुटीट, तो हा. त्यासाठी त्याला सेझार पुरस्कार मिळाला. तोंड बघा, आजोबा दिसतात. त्याला हे सतत ऐकावं लागत असणार, आणि मीही तेच बोलले. सॉरी.

त्याची प्रॉपर्टी आईपेक्षा अवाढव्य. पडदे, गंज लागलेल्यासारखी यंत्रं, आतून उलगडणारं घर. आईचं जग एका अंगाभोवती मावतं, त्याचं रंगमंच भरून टाकतं.

ऑरेलियाचं काम मात्र आईच्याच हाताखालचं. ‘ऑरेलियाज ओरॅटोरिओ’, 2003 च्या सुमाराचं. दिग्दर्शन आईचं, रचना आईची. मध्ययुगातल्या ‘उलट्या जगा’च्या चित्रांवरून सुचलेलं, ज्यात सगळं उलटं असतं. सुरुवातीला रंगमंचावर एक साधं खणांचं कपाट. एका खणातून हात येतो. दुसऱ्या खणातून पाय. तिसऱ्यातून डोकं. हात सिगरेट पेटवतो, पाय बूट घालतो, आणि आपण मनातल्या मनात शरीर जुळवायला जातो तर जुळत नाही. पुढे पतंग जमिनीवर आणि बाई आकाशात, पतंग तिला उडवतोय. बाहुल्या प्रेक्षक होऊन बसल्यात आणि माणसाचा खेळ बघतायत. आणि एका प्रसंगात लेसचा बनलेला प्राणी तिचा पाय खाऊन टाकतो. पाय नाही. मग ती काय करते? सुया घेते आणि नवा पाय विणते. विणून होतो, आणि त्या पायावर ती उभी राहते.

हा प्रसंग मी फोनवर, तुटक्या व्हिडिओत पाहिला, मध्ये जाहिरात आली, तरी अंगावर काटा आला. आई बाजूला कुठेतरी काळोखात, तिने तो पाय कसा विणला जाणार हे ठरवलंय, आणि लेक तो सगळ्यांसमोर विणतेय.

चार्ली हे सगळं बघायला नव्हता. 25 डिसेंबर 1977 ला, नाताळच्या दिवशी, कोर्सिएच्या घरी तो गेला. तोपर्यंत काल्पनिक सर्कस नुकतीच मार्गाला लागत होती. साराफाची पटकथा तशीच राहिली.

मी बरेच दिवस विचार करत होते की व्हिक्टोरियाने रंगमंचावर इतकी पंखवाली, खवल्यांची, शिंगांची जनावरं का केली असतील. बापाला उत्तर म्हणून? हा माझा अंदाज आहे, तिच्या तोंडचा नाही, आणि ती तशी मितभाषी बाई, मुलाखतीत फार सापडतही नाही. पण एक फरक दिसतो. साराफाचे पंख दुसऱ्याने बनवले होते आणि ती जशी आहे तशी लोकांनी बघायची होती. छत्र्यांचा प्राणी तिने स्वतः बनवला, आणि तो उभा राहिला की ती दिसतच नाही.

एक अडचण आहे, आणि ती मला झोपू देत नाही. या वस्तू दुसऱ्या कुणाला घालता येत नाहीत. व्हायोलिन वारसाने मिळतं, वाजवणारा बदलतो. पण छत्र्यांचा तो प्राणी म्हणजे त्या बाईची उंची, तिच्या खांद्यांची रुंदी, तिने किती वेळ श्वास रोखला, कुठल्या क्षणी कोपर वळवला, यांचा मिळून बनलेला. संग्रहालयात काचेमागे ठेवला तर ते फक्त छत्र्यांचं गाठोडं. व्हिडिओ आहेत, पण व्हिडिओत कापडाचा आवाज येत नाही. आपल्याकडच्या बहुरूप्यांचंही असंच आहे ना? सोंग त्या माणसाच्या अंगावर असतं तोवरच सोंग, खुंटीवर टांगलं की रंगवलेले कपडे.

माझ्या एकांकिकेतली छत्री अजून आईच्या माळ्यावर आहे. मागच्या महिन्यात काढली, रॉकेल लावलं, काड्या घासल्या, रंगाचे तुकडे पडले. उघडली. दहा वर्षांनी. घरात कुणी नव्हतं, मग मी ती पाठीवर लावून आरशासमोर थोडं चालून बघितलं. प्राणी काही झाला नाही. आणि तेवढ्यात शेजारच्या काकू साखर मागायला आल्या.